एका हंगामाची मुदत

साखर कारखान्याचा भोंगा वाजला. म्हणजे आता चार-पाच महिने आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडणार. माझी आई नर्स आहे, त्यामुळे आमच्या घरात पांढरे कपडे जरा जास्तच. ती दरवर्षी पहिला ठिपका दिसला की चिमणीच्या दिशेला हात जोडते आणि युनिफॉर्म पुन्हा बादलीत टाकते. मी हात जोडत नाही. मी निवेदन लिहिते.

श्रीरामपूरच्या हवेत मळीचा तो वास भरलाय, अर्धा गोड आणि अर्धा कुजका. बाहेरगावचे लोक एसटीच्या काचा लावून घेतात. आम्हाला तो नाकात शिरला की भूक लागते. माळावर ऊसतोडणी टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्यात, सकाळी त्यांच्या चुलींचा धूर रस्त्यावर आडवा पसरतो. बाजारात उसाच्या हिरव्या वाढ्याच्या पेंढ्या आल्यात, गुरांसाठी. आणि ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन, उसानं फुगलेल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकं नाही. दरवर्षी अंधारात कुणी ना कुणी मागून धडकून मरतं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या नव्यानं रंगवल्या, ट्रॉलीची मागची बाजू तेवढी काळीच राहिली. या विषयावर मी इतकी वर्षं पत्रकं काढतेय की प्रेसवाले किसनकाका मला बघितल्यावर विचारत नाहीत, नुसती तारीख बदलतात.

पण आज निवेदन बाजूला ठेवलंय. भोंगा वाजला की दर वेळी मला आधी ट्रॉली आठवत नाही. आधी आठवतो सोमनाथ, आणि त्याला मिळालेला तो एक हंगाम.

सोमनाथ माझ्याबरोबर ज्युनिअर कॉलेजला होता. गाव पुणतांबा. आज तो स्टँड-अप कॉमेडियन आहे, पुण्यात आणि नाशकात तिकीट लावून एकटा उभा राहून लोकांना दीड तास हसवतो. आईच्या वॉर्डातल्या नर्सेस त्याच्या क्लिपा मोबाईलवर बघतात आणि मला विचारतात, हा पहिल्यापासूनच असा विनोदी होता का? स्पष्ट सांगते, नव्हता. कॉलेजात कुणी विनोद सांगितला की सगळे हसायचे आणि हा म्हणायचा, "परत सांग." परत सांगितल्यावर विचारायचा, "मघाशी तू मधी थांबला हुतास. आत्ता का न्हाई थांबलास?" घड्याळजी मागचं झाकण उघडून बघतो तसा तो विनोद उघडून बघायचा. लोक वैतागायचे. मीही वैतागायचे. मला वाटायचं, देशात एवढे प्रश्न पडलेत आणि हा पोरगा थांबायचं कुठं याचा विचार करतोय.

बी.ए. झाल्यावर त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, ओळखीपाळखीनं त्याला कारखान्याच्या वजनकाट्यावर चिकटवलं. हंगामी कारकून. यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. काट्याच्या खोलीत बसून कर्ण्यावरून एकेका गाडीचा नंबर पुकारायचा, गाडी काट्यावर घ्यायची, आकडा लिहायचा, पुढचा नंबर. एवढंच काम. त्याच्याआधी वीस वर्षं जो माणूस तिथं बसला त्यानं नंबर सोडून एक शब्द उच्चारला नव्हता. सोमनाथनं पहिल्याच आठवड्यात सुरू केलं.

"एकशे बारा, या. एकशे बारा, झोप झाली का? एकशे तेरा, जरा एकशे बाराला हलवा. हळू हलवा, सपनात त्याचा नंबर आलाय."

मी एकदा ड्रायव्हरांना पत्रकं वाटायला यार्डात गेले होते, तेव्हा हे स्वतः ऐकलं. माझं पत्रक हातात घेऊन माणसं कर्ण्याकडे कान लावून उभी. एक तोडणीवाली बाई बैलगाडीच्या जुवाशी बसून भाकरी खात होती. तिनं शेजारणीला विचारलं, "आज कोन हाय गं काट्यावर? बोलका हाय का गपगप्या?" बोलका आहे म्हटल्यावर ती गाडीच्या सावलीत नीट मांडी घालून बसली. आकाशवाणी लावल्यासारखी. मी त्या बाईला पत्रक द्यायला विसरले. हे मी आजवर कुठल्या बैठकीत कबूल केलेलं नाही.

मग एका साहेबांनी लेखी काढलं की कर्ण्याचा वापर फक्त वाहन क्रमांकासाठी करावा. मी लगेच निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. सोमनाथनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"र्‍हाऊ दे, पत्रकेबाई. त्यांचं बरोबर हाय."

"काय बरोबर आहे? हा आवाज दाबणं आहे."

"आगं, यार्डातले हसले त्यात माझं काय? नंबर आल्याबिगर ते बिचारे जाऊ शकत न्हाईत. कोंडल्याला मानूस कशालाबी हसतो. ज्याला उठून जाता येतं, त्यो बसून हसला पायजे."

मी त्यावर बराच विचार केला. आमच्या चळवळीत हा विचार कुणी करत नाही. आम्ही रस्ता अडवून लोकांना थांबवतो आणि मग त्यांनी आमचं ऐकलं म्हणून खूश होतो.

दिवाळीनंतर त्यानं अण्णांना सांगायचं ठरवलं. मला बरोबर नेलं, कारण मी भांडायला बरी. अण्णा गोठ्यात म्हशीपुढं वाढे टाकत होते. बारीक अंगाचा, टोपी कधी न काढणारा माणूस; तीन एकर ऊस, आणि गावात शब्दाला किंमत.

"आण्णा, मी काटा सोडतोय."

"आन् धरतोय काय?"

"कॉमेडी."

अण्णांनी पेंढीची गाठ सोडली, वाढे पसरले. "तमाशात चाललास?"

"न्हाई. तिथं नाचत्यात. ह्यात नुसतं उभं र्‍हायाचं आन् बोलायचं."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

"आन् लोक ऐकून घेत्यात?"

"तिकीट काढून."

अण्णांनी हात झटकले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तू मोर्चे काढती. तुझं ऐकत्यात का लोक?"

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, "नाही."

"तू तर फुकट बोलती."

मग अण्णांनी मुदत दिली. हा एक हंगाम. साहेबांना सांगून सोमनाथचं नाव कारखान्याच्या यादीत ठेवायचं, त्याच्या जागी तोवर बदली माणूस बसेल. कारखाना बंद व्हायच्या दिवसापर्यंत जमलं तर जमलं. नाही जमलं, तर पुढच्या हंगामाला मुकाट परत काट्यावर. "आन् मग ह्यो इषय घरात परत काढायचा न्हाई."

"पण जमलं की नाही हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मी," अण्णा म्हणाले.

फिर्यादीही तेच, न्यायाधीशही तेच. मी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. म्हशीनं मान वर केली, बाकी कुणी दखल घेतली नाही.

तर असा तो हंगाम. आठवतो तेव्हा सलग आठवत नाही. थंडी आठवते. गोदावरीवरून येणारा सकाळचा वारा, आणि सोमनाथ नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटतोय. धुणं धुणाऱ्या बायका त्याला जप करणारा म्हणून वळसा घालून जातायत. त्याची वही आठवते. तिच्यात विनोद नव्हते, नुसते शब्द आणि त्यांच्यामध्ये रिकाम्या जागा. "हे काय?" म्हटलं तर म्हणाला, "इथं थांबायचं." मला पत्रकात रिकामी जागा दिसली की तिथं मागणी क्रमांक सात घालावीशी वाटते. त्याला रिकामी जागाच हवी असायची.

नाताळात मी त्याला आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मिळवून दिली. दारोदारी तारे लागलेले, घराघरांतून करंज्यांचा वास, आणि पहिल्या रांगेत ताठ बसलेली आमची सगळी वडीलधारी. सोमनाथनं एसटीच्या प्रवासावर काहीतरी सांगितलं. चांगलं होतं. कुणी हसलं नाही. आमच्या लोकांना मंचावरून कुणी मन लावून बोलू लागलं की डोळे मिटायची सवय. तिसऱ्या मिनिटाला निम्मी सभा डोळे मिटून होती. त्याचं झाल्यावर पाळकसाहेब उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता आपण सर्व जण ब्रदर सोमनाथसाठी प्रार्थना करू या." आणि केली. सगळ्यांनी.

परत जाताना तो म्हणाला, "आजवर माझ्यासाठी एवढं कुनी केलं न्हाई. पन त्ये 'याला योग्य मार्ग दाखव' म्हनले, त्याचा अर्थ काय घ्यायचा?"

मी हसू दाबत चालत राहिले. असं कितीतरी. राहुरीला एका मित्राच्या साखरपुड्यात उभा राहिला, तर नवरीच्या मामानं माईक काढून घेतला आणि जेवणाच्या पंगती जाहीर केल्या. शिर्डीच्या एका हॉटेलात बोलला, तर वेटर ऑर्डर घेतच राहिले. प्रत्येक ठिकाणाहून तो येताना त्या वहीत काहीतरी खोडून यायचा. कार्यक्रम पडला म्हणून मी त्याला कधी रडताना पाहिलं नाही. पण कॅलेंडरकडे बघायचा. हंगाम कुणासाठी थांबत नाही. ऊस संपत चालला होता.

जानेवारीत पुण्याला गेलो. तिथं एका कॉफीच्या दुकानाच्या तळघरात आठवड्यातून एकदा नवशिक्यांना पाच पाच मिनिटं देतात. सोमनाथ आधी दोनदा जाऊन आला होता आणि म्हणत होता, तिथं हसतात. म्हणून मी बघायला गेले. आधीची पोरं निम्मं इंग्रजीत बोलली, आपापल्या ऑफिसांवर. मग सोमनाथ. त्यानं काट्यावरची गोष्ट काढली. "आमच्याकडं शेतकरी वजनकाट्याकडं आसा बघतो, जसा सासरा नव्या जावयाकडं बघतो. खोट नक्की हाय. फकस्त सापडत न्हाई."

हसले. खूप हसले. पण मी मोजून सांगते, ते "फकस्त" वर हसले. विनोद अजून संपायचा होता. पुढंही तेच. त्यानं "न्हाई" म्हटलं की हसायचे, "लई" म्हटलं की हसायचे, एकदा तो नुसता "व्हय" म्हणाला तर एका मुलीनं टेबलावर हात आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मी त्याला फाडून खाल्लं. "ते तुझ्या विनोदाला हसत नाहीत. तुझ्या बोलण्याला हसतात. तू गाव विकतोयस, सोम्या. तुझ्या आईचा शब्द तिथं पाच मिनिटांत विकलास."

तो खिडकीबाहेर बघत होता. राहुरीच्या अलीकडे गाडी थांबली होती, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एरवी तो मला टोमणा मारून मोकळा होतो. त्या दिवशी म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं हुतं. पन मला खरंच कळत न्हाई गं, कशाला हसत्यात. आन् ह्ये कळाल्याबिगर मी आण्णांना काय सांगू?"

रागाचं हे असंच असतं. समोरचा आधीच जखमी आहे हे दिसेपर्यंत आपण चार वाक्यं पुढं गेलेलो असतो.

विषय बदलायला मी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "यावर बोल ना. पाच मिनिटं रिफ्लेक्टरवर बोल. काहीतरी उपयोग होईल."

"मेल्याल्या मानसांवर हसू येत न्हाई."

"मग मी बोलते, तू हसू नकोस."

तो ट्रॉलीकडे बघत राहिला. ट्रॅक्टरवर गाणी ठणठणत होती, एसटीच्या काचा थरथरत होत्या. मग म्हणाला, "मागं एक दिवा न्हाई, आन् पुढं चार स्पीकर. ह्यांची ट्रॉली दिसायची न्हाई, ऐकायची आसती." शेजारच्या सीटवरचे म्हातारेबाबा फस्सकन हसले, मग त्यांनी वाकून पुढची ट्रॉली नीट बघितली. माझं कुठलंही पत्रक वाचून कुणी ट्रॉली अशी बघितली नव्हती. अर्थात त्या हसण्यानं एकाही ट्रॉलीला दिवा लागला नाही. हसण्यानं जग बदलतं असं मला कुणी सांगू नये. पत्रकानंही बदलत नाही. पण ते बाबा वाकले होते, हे मी पाहिलं.

श्रीरामपूरला उतरता उतरता त्याचं ठरलं. "गावातच कार्यक्रम करतो. पुनतांब्यात. तिथं माझ्या 'न्हाई'ला कोन हसनार? सगळेच न्हाई म्हनत्यात. तिथं हसले तर इनोदाला हसले. आन् न्हाई हसले तर समजायचं, काटाच बरा. आण्णांनाबी पुढं बसवतो. काय निकाल लागायचा त्यो एकदाच लागंल."

आता माझी चूक सांगते. ती माझीच आहे आणि इतर कुणी करूच शकलं नसतं.

पत्रक मी लिहिलं. दुसरं कोण लिहिणार? मथळा लाल: "हसणे ही चैन नाही, हक्क आहे!" खाली गावचा विनोदी कलाकार, मंगल कार्यालय, रविवार, संध्याकाळी पाच. किसनकाकांनी संगणकावर माझ्या मागच्या सभेची फाईल उघडली, मजकूर घातला आणि म्हणाले, "अध्यक्ष कोण?"

"कुणी नाही."

"प्रमुख पाहुणे?"

"नाहीत, काका. एकटाच आहे तो."

"मग बाई, पत्रक बोडकं दिसतंय."

दिसत होतं. मला बोडकं पत्रक सहन होत नाही. मी म्हटलं, "घाला 'मान्यवरांच्या उपस्थितीत'." घातलं. खाली "बहुसंख्येने उपस्थित राहावे" आधीच होतं. रविवारी सकाळी ते पेपरात घालून घरोघर गेलं.

लोक खरोखर बहुसंख्येने आले. तिथी नव्हती, लग्न नव्हतं, कार्यालय रिकामंच होतं. खुर्च्या भरल्या, मागं तरणी पोरं उभी. अण्णा पुढच्या रांगेत, इस्त्रीचे कपडे, गुडघ्यांवर हात. कार्यालयाच्या व्यवस्थापकानं, कुणीही न सांगता, मंचावर तीन खुर्च्या मांडून त्यांच्यावर पांढरे टॉवेल घातले होते आणि समोर टेबलावर फुलदाणी. सोमनाथ त्या खुर्च्यांच्या बाजूला माईक घेऊन उभा राहिला आणि बोलू लागला.

कुणी हसलं नाही. सासरा-जावयाचं झालं. काही नाही. साखरपुड्यातला मामा झाला. काही नाही. राग नव्हता लोकांच्या चेहऱ्यावर, कंटाळाही नव्हता. सगळे शांतपणे त्या तीन खुर्च्यांकडे बघत होते. माझ्या पुढच्या रांगेत दोघे बोलत होते.

"कुठवर आलेत पाव्हनं?"

"कोपरगावकडून यायचे आसतील. ट्रॉल्यांच्यात आडाकले."

"तवर ह्यो पोरगा बरा टाइम काढतोय."

"आरं, आण्णाचं हाय की. माईक टेस करतंय."

आमच्याकडे मान्यवर आल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, हे मला माहीत नाही? दीपप्रज्वलन नाही, सत्कार नाही, उपस्थितांची नावं नाहीत. लोकांच्या लेखी कार्यक्रम सुरूच झाला नव्हता. आणि हे मी छापून वाटलं होतं. मी, जिनं सत्कारबाजीविरुद्ध दोन पत्रकं काढलीत. सोमनाथचा घाम मला शेवटच्या रांगेतून दिसत होता. तो आता थांबायच्या जागाही न थांबता ओलांडत होता. माजी सरपंच हातात शाल-नारळ घेऊन दारात उभे, रस्त्याकडे डोळे लावून.

तेव्हा अण्णा उठले. मंचाच्या पायऱ्या सावकाश चढले. लोकांना वाटलं, स्वागताला. काही जण खुर्चीत सरसावून बसले. अण्णांनी पहिली खुर्ची उचलली, टॉवेलासकट, आणि खाली आणून भिंतीला लावली. मग दुसरी. मग तिसरी. पूर्ण हॉल बघत होता. मग त्यांनी मुलाच्या हातातून माईक घेतला, नांगराचा रुमणा धरतात तसा धरला, आणि म्हणाले:

"पाव्हनं कुनी येनार न्हाईत. कुनाला बोलीवल्यालंच न्हाई. ह्यो माझा पोरगा हाय आन् ह्योच कारेक्रम हाय. आत्तापस्तोर त्यानं जे सांगितलं, त्ये हसायचं हुतं."

आणि मग छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मी मोर्च्यातल्या घोषणा ऐकल्यात, पण असा आवाज कधी ऐकला नाही. म्हाताऱ्या बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. माजी सरपंच नारळ पोटाशी धरून खाली बसले. अण्णा मात्र तसेच उभे, आपण असं काय बोललो या विचारात. सोमनाथनं माईक परत घेतला आणि म्हणाला, "आण्णा, बसा आता. पयला हशा तुमी खाल्ला." परत तेवढाच हशा.

"पयल्यापासून सांग रं," मागून कुणी ओरडलं.

आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. तेच शब्द, तोच क्रम. सासऱ्याची खोट "सापडत न्हाई" वर येऊन थांबली, आणि तिथंच, बरोबर तिथंच, हॉल फुटला. आधी नाही. मी शेवटच्या रांगेत उभी राहून बघत होते आणि मला काही लिहावंसं वाटत नव्हतं. माझ्या लोकांना मी इतकी वर्षं झोपलेले, दबलेले, भोळे असं लिहीत आले. ते नीट ऐकत होते. कुठं हसायचं हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं की सुरू झालंय. अण्णांची मला पाठच दिसत होती. हसले की नाही, कळलं नाही.

आणि तोच तर प्रश्न होता. घरी गेल्यावर अण्णा त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. कारखाना बंद व्हायला आठवडा उरलेला. सोमनाथ मला फोन करायचा.

"काय म्हणाले?"

"आमटीत मीठ कमी हाय म्हनले."

"अरे, विचार ना त्यांना सरळ."

"इचारलं तर लगीच निकाल लागंल. मला नको. अजून चार दिस कॉमेडियन र्‍हाऊ दे."

शेवटच्या दिवशी मी कारखान्याच्या ऑफिसात होते, निवेदनाची पोच घ्यायला. बाहेर शेवटची ट्रॉली सजवून आली होती, झेंडूच्या माळा, फुगे, केळीचे खुंट, मागंसुद्धा. दिवा तेवढा नव्हता. साहेब माझ्या कागदावर शिक्का शोधत होते, तेवढ्यात अण्णा आत आले. मला बघून नुसती मान हलवली.

"या अण्णा," साहेब म्हणाले. "बरे आलात. पुढच्या हंगामाची यादी करतोय. सोमनाथचं नाव ठेवतो ना? बदली माणूसही विचारतोय."

अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. "साहेब, एक गोष्ट सांगू का? पोरगा सांगतो ती."

"सांगा की."

"एक शेतकरी आस्तो. म्हंजे मीच. त्यो ट्रॉली घिऊन तुमच्या काट्यावर येतो. पन येताना भाईरच्या काट्यावर वजन करून आल्याला आस्तो. न्हाई, थांबा. आधी ह्ये सांगायला पायजे, की तुमच्या काट्यावर त्याचाच पोरगा बसल्याला आस्तो. तर पोरगा म्हनतो, आण्णा, काट्यावर मी हाय, तरी भाईरून वजन करून आला? तर मी म्हनतो..." अण्णांनी टोपी काढली, परत घातली. "मी म्हनतो, तू हायेस म्हनूनच. म्हंजे कसं, घरचा पोरगा, त्याला मी वळखतो, म्हनून जास्तच शंका. आसं."

पंखा फिरत होता. साहेब हसले नाहीत. कोपऱ्यातला कारकून हसला नाही. मीही नाही, आणि पुणतांब्याच्या हॉलमध्ये याच गोष्टीला माणसं खुर्च्यांवरून उठली होती.

"न्हाई ना आलं हसू?" अण्णांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... छान आहे, अण्णा."

"छान न्हाई. पडली. मी दोन दिस म्हशीपुढं सांगून बघितली, तिथंबी पडली. शब्द त्येच हायेत, येक बदलल्याला न्हाई. त्यानं सांगितली तवा सगळा गाव हसला. मी सवता हसलो, आन् माझ्यावरच हुती." ते पुढं सरकले. "काट्यावर मी बसीन, तुमी बसाल, कुनीबी बसंल. ह्ये आपल्याला जमायचं न्हाई. कुठं हाय त्याचं नाव? त्येवढं काढा."

साहेबांनी यादी ओढली आणि नावावरून रेघ मारली. अण्णा वाकून कागदाकडे बघत राहिले.

"अजून येक मारा," ते म्हणाले. "वाचाया येतंय."